गंज खालून चढतो

‘डोंबिवलीच्या हवेत लोखंड टिकत नाही. चौकटी काढा आणि ग्रॅनाइट बसवून टाका.’ डोंबिवलीचे टिळकनगर असो, कल्याणची रामबाग असो की ठाण्याचे वर्तकनगर, जुन्या इमारतीत दुरुस्तीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतेच. ते इतक्यांदा म्हटले गेले आहे की त्याला पुरावा विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही. मी पुरावा विचारतो आहे, कारण या एका समजुतीपायी अजून कित्येक वर्षे चालल्या असत्या अशा चौकटी छिन्नी-हातोड्याने उखडल्या जात आहेत. ज्या उरल्या आहेत त्यांना दर दिवाळीत गंजावरच ऑइल पेंटचा हात मारला जातो, तोही याच समजुतीतून. टिकणारच नाही म्हटल्यावर नीट कशाला करायचे?

पुरावा प्रत्येकाच्या घरात उभा आहे. न्हाणीघराची किंवा संडासाची लोखंडी चौकट नीट बघा. माथ्याची आडवी पट्टी बघा, मग दोन्ही उभ्या पायांवरून नजर खाली आणा. तीस-चाळीस वर्षांच्या चौकटीतसुद्धा माथा शाबूत असतो. फार तर रंग पिवळट पडलेला असतो, नखाने खरवडले तरी खाली करडे लोखंडच लागते. छातीच्या उंचीपर्यंतही फारसे काही झालेले नसते. गंज असतो तो तळाच्या वीतभर भागात, आणि तिथे तो इतका असतो की पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात. हवा तर माथ्यालाही तीच आणि पायालाही तीच. उलट आंघोळीची गरम वाफ वरच जमते. दोष हवेचा असता तर माथा आधी गेला असता. तो जात नाही, पाय जातात. म्हणजे गंज खालून चढतो, आणि खाली काय आहे ते शोधल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही.

हवेला मी निर्दोष ठरवत नाही. २०१४ साली डोंबिवलीत हिरव्या पावसाची बातमी झाली, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. इथे राहणाऱ्याला रात्री खिडकी उघडल्यावर येणारा वास कुणी समजावून सांगायला नको. आम्लाचे अंश आणि खाडीकडची दमट हवा एकत्र आली की उघड्यावरचे लोखंड लवकर खराब होते, हे खरेच आहे. गच्चीचे दार, गॅलरीची जाळी, खिडक्यांचे ग्रिल यांच्याबाबत हवेची तक्रार रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष लोक उलटा काढतात. हवा कठोर असेल तर रंगाचे काम जास्त काटेकोर हवे, सोडून द्यायला नको. आणि प्रदूषणाशी भांडायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दारात, महापालिकेच्या दारात. घराच्या आत, हवेचा झोतही पोहोचत नाही अशा संडासाच्या चौकटीचा दोष कारखान्यांवर ढकलला की खरे कारण झाकले जाते आणि खरी तक्रारही पातळ होते.

तळाशी काय असते? पहिले म्हणजे पाणी. दार उघडे ठेवून केलेली आंघोळ, बादलीतून सांडलेले पाणी, फरशी पुसल्यावर उंबऱ्याच्या कडेला साचून राहणारी ओल. चौकटीचे पाय फरशीच्या खाली गेलेले असतात आणि फरशी व लोखंड यांच्यामधला पांढऱ्या सिमेंटचा सांधा दोन-चार वर्षांत तडकतो. त्या चिरेतून पाणी आत जाते ते बाहेर येत नाही. जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवण्याची पद्धत आल्यापासून हे आणखी वाढले आहे, कारण पाय आणखी इंचभर खोल गाडला जातो आणि पूर्वी उघडा, रंगवलेला असलेला भाग आता ओल्या सांध्यात उभा राहतो. कल्याणच्या सखल भागात वालधुनीचे, डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या कडेला पुराचे पाणी तळमजल्यांत शिरते. २६ जुलै २००५ नंतर ज्यांनी चौकटी आतून न वाळवता, न धुता वरून रंगवल्या त्यांना तो गंज पुढे वर्षानुवर्षे पुरला.

दुसरी गोष्ट पाण्याहून वाईट, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. संडास-बाथरूम धुण्यासाठी आपण जे ‘ॲसिड’ आणतो ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. टाइलवरचा क्षारांचा थर त्याने निघतो म्हणून ते सर्रास ओतले जाते. शिंतोडे चौकटीच्या पायावर उडतात, वाफ दारामागे कोंडते. आम्ल रंगाच्या बारीक चिरेतून लोखंडापर्यंत जाते आणि मागे क्लोराइड सोडते. हे क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी बसून हवेतला ओलावा ओढत राहते. म्हणून मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांतही तो भाग आतून ओलाच असतो आणि वर लावलेला रंग फुगतो. मीठ लावलेल्या जखमेवर पट्टी बांधावी, तसे हे चालते. घरात ॲसिड वापरणे थांबवले, किंवा वापरलेच तर चौकटीचा पाय लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडा केला, तर रंगाचे निम्मे काम डबा न उघडताच होते.

चौकट कोणत्या प्रकारची आहे यालाही महत्त्व आहे, आणि ‘लोखंडी चौकट’ म्हणून सगळ्यांना एकाच पारड्यात टाकणारे लोक ते बघत नाहीत. जुन्या इमारतींत टी-अँगलची चौकट सापडते. तिचे लोखंड साधारण ६ मिलिमीटर जाड असते आणि तिच्या पायावरचा गंज पाहून घाबरायचे कारण नसते, कारण खरवडल्यावर आत भरपूर धातू शिल्लक असतो. दुसरी पत्रा दाबून घडवलेली, आतून पोकळ चौकट. तिचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो. ती बसवताना पोकळीत सिमेंटचा माल ठासून भरायचा असतो. तो नीट भरला असेल तर सिमेंटची अल्कता पत्र्याला आतून जपते. बांधकामाच्या घाईत पोकळी रिकामी राहिली असेल, किंवा नंतर कुणी तिथे जिप्सम भरले असेल, तर ओल्या जिप्समने पत्रा मागून खाल्ला जातो. हातोडीच्या मुठीने पायाजवळ ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो की भरीव ते लगेच कळते. टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला तर तेवढा भाग संपला आहे. तेव्हाही सगळी चौकट काढावी लागत नाही. फॅब्रिकेशनवाला खालचा फूटभर तुकडा कापून नवा जोडून देतो. भिंत फुटत नाही, दार उतरवून परत त्याच बिजागऱ्यांवर चढते.

दुसरा आक्षेप असा असतो: ‘रंगवून बघितले हो, वर्षात फुगला.’ फुगला हे खरे. पण फुगले काय? रंग नाही, रंगाखालचा गंज. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि वरचा थर उचलून धरतो. गंजावर लावलेला रंग लोखंडाला चिकटलेलाच नसतो. तो गंजाला चिकटलेला असतो आणि गंज लोखंडापासून सुटत असतो. या कामाचे शास्त्र आपल्याकडे कुणाला माहीत नाही असेही नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४७७ हे इमारतींमधल्या लोखंडी कामाच्या रंगाचे मानक आहे. १९७१ च्या त्याच्या आवृत्तीचे दोन भाग आहेत. पहिला संपूर्ण भाग रंग लावण्याआधीच्या तयारीवर आहे, प्रत्यक्ष रंगाची पाळी दुसऱ्या भागात येते. पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला हा क्रम आपण घरोघरी मोडतो आणि दोष लोखंडाला देतो.

स्कॉटलंडमधल्या फोर्थ रेल्वे पुलाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १८९० चा हा पूल समुद्राच्या खाडीवर, खाऱ्या वाऱ्यात उभा आहे, आणि न संपणाऱ्या कामाला तिकडे ‘फोर्थ पुलाचा रंग’ म्हणण्याची पद्धतच पडली होती. २००२ ते २०११ या काळात तिथे जुन्या रंगाचे सगळे थर वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने उघड्या धातूपर्यंत काढून टाकले आणि मग काचेच्या बारीक पापुद्र्यांचा इपॉक्सी रंग तीन थरांत दिला. तो किमान पंचवीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. रंगाचे रसायन नवे होते हे मान्य. पण खालचे लोखंड उघडे केल्याशिवाय त्या रसायनाचा काही उपयोग झाला नसता. समुद्रावरच्या पुलाला जे जमते ते दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या चौकटीला जमणार नाही, हे मला कुणीतरी समजावून द्यावे.

हल्ली दुकानात ‘थेट गंजावर लावा’ असे रंग आणि गंज बदलणारी द्रावणे मिळतात. त्यातली काही प्रामाणिक आहेत. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल पातळ, घट्ट बसलेल्या गंजाचे स्थिर थरात रूपांतर करते, ते खड्ड्यांच्या तळाशी उपयोगी पडते. पण सुटे पापुद्रे आधी काढा, हे त्या डब्यावरच छापलेले असते. पापुद्र्यांवर ओतलेले द्रावण पापुद्र्यांतच राहते. याहून मोठी चूक भिंतीच्या पुट्टीची. खड्डे भरून गुळगुळीत दिसावे म्हणून सिमेंटची वॉल पुट्टी लोखंडावर ओढली जाते. ती धातूला नीट धरत नाही, ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात खपली होऊन पडते. लोखंडाच्या खड्ड्यांना इपॉक्सीची पुट्टीच लागते.

इथे दोष रंगाऱ्यावर टाकणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. सकाळी नाक्यावर उभा राहणारा माणूस दाराच्या हिशोबाने पैसे घेतो. ‘दार-चौकट मिळून इतके’ असा भाव ठरतो, त्यात खरवडण्याचा तास कुठेच नसतो. त्याने दोन तास तारेचा ब्रश चालवला तर त्याचा दिवस तोट्यात जातो. आपण रंगाच्या हातांचे पैसे देतो, गंज काढण्याचे देत नाही, आणि मग गंज निघाला नाही म्हणून त्याला बोल लावतो. सोसायटीने दुरुस्तीचे दरपत्रक मागवताना ‘गंज उघड्या धातूपर्यंत काढणे’ ही वेगळी बाब, वेगळ्या दरासह लिहून घ्यावी. प्रायमर लावण्याआधी समितीतल्या कुणीतरी ते जाऊन बघावे. एवढे केले तर जिन्यातल्या आणि गच्चीच्या चौकटींचा प्रश्न सुटतो.

घरातली चौकट मात्र ज्याची त्याने रंगवावी असे मला वाटते. काम कष्टाचे आहे, अवघड नाही. आणि जो रोज त्या दारातून जातो तोच खरवडण्याचा तास मनापासून देतो. आधी सुटा रंग आणि पापुद्रे खरवडून काढायचे, मग तारेच्या ब्रशने घासायचे. पायाचा भाग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, कारण क्लोराइड पाण्यानेच निघते, थिनरने नाही. पंखा लावून तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर पुन्हा पॉलिश पेपर चालवायचा, तांबूस पूड थांबून करडे लोखंड चमकेपर्यंत. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो काढायची गरज नाही, फक्त ओल्या वॉटर पेपरने त्याची कड उतरती करून वाळू द्यायची, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. थिनरच्या फडक्याने पुसायचे आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक आलेली असते.

प्रायमर म्हणजे रेड ऑक्साईड, हेही एक न तपासलेले गृहीत. स्वस्त डब्यातला तांबडा रंग हा नुसता लोहाचा ऑक्साईड असतो. तो झाकतो, गंज रोखत नाही. गंज रोखणारा घटक वेगळा लागतो. पूर्वी तो झिंक क्रोमेटचा असे. पण त्यातले क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणाऱ्या प्रकारचे आहे, ते घरात नको. झिंक फॉस्फेटचा प्रायमर मागून घ्या. न्हाणीघराच्या पायाच्या फूटभर भागाला दोन डब्यांचा, मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर दिला तर पाण्यापुढे तो जास्त टिकतो. चौकट गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची असेल तर तिला त्या पत्र्यासाठीचाच प्रायमर हवा. जस्तावर थेट ऑइल पेंट लावला की जस्त आणि रंगातले तेल यांचा साबणासारखा थर होतो आणि रंग सालीसारखा निघतो. हेही ‘लोखंडाला रंग धरत नाही’ म्हणून खपवले जाते.

रंगाचे हात पातळ द्यायचे. आधी कोपरे आणि धारदार कडा ब्रशने भरून घ्यायच्या, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यायचा. ऑइल पेंट हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो, नुसता वाळत नाही. जाड हात दिला तर वर साय येते आणि आत तो मऊच राहतो, मग दार चिकटते. सात बाय तीन फुटांच्या चौकटीची लांबी सतरा फूट भरते. चौकटीच्या घडीची उलगडून रुंदी फूटभर धरली तर क्षेत्र सतरा चौरस फूट झाले. अर्ध्या लिटरच्या डब्यात दोन हात होऊन रंग उरतो. सगळे झाल्यावर फरशीजवळचा तडकलेला सांधा खरवडून त्यात सिलिकॉन भरायचे. हे शेवटचे काम राहिले तर वरचे सगळे वाया जाते.

वेळही महत्त्वाची. गणपतीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे घाई असते, पण श्रावण-भाद्रपदात ठाणे जिल्ह्यातली आर्द्रता लोखंडाच्या रंगासाठी मान्य असलेल्या ८५ टक्क्यांच्या मर्यादेवर सहज जाते. भिंतींचे काय ते करा. चौकटी नवरात्रानंतर घ्या, दिवाळीपर्यंत आरामात होतात.

एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, नारिंगी ऑइल पेंटमध्ये आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असू शकते. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साईड, आणि लोखंडाला तो पिढ्यान्‌पिढ्या प्रायमर म्हणून लावला गेला. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून वॉटर पेपर ओला करूनच घासा, गंज कोरडा घासावा लागतो तिथे तोंडाला एन-९५ मास्क लावा, खाली वर्तमानपत्र अंथरा, पूड केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना त्या दिवशी खोलीत येऊ देऊ नका. थिनर वापरताना खिडक्या उघड्या, गॅस बंद, देव्हाऱ्यातली समईही विझलेली. चौकट उखडताना मजूर हाच जुना रंग हातोड्याने फोडतात आणि ती धूळ चार दिवस घरभर फिरते, हे ग्रॅनाइटचा सल्ला देणारे कधी सांगत नाहीत.

ग्रॅनाइटला माझा विरोध नाही. नवे न्हाणीघर बांधताना ती उत्तम निवड आहे. पण शाबूत लोखंडी चौकट काढायची म्हणजे भिंतीत गाडलेले होल्डफास्ट तोडायचे, दोन्ही बाजूंचे प्लास्टर आणि टाइल फोडायच्या. जी इमारत दर पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीच्या आसपास फिरते तिच्या भिंतींना हातोड्याचे हादरे द्यायचे. वर पाण्याचे, ॲसिडचे आणि तडकलेल्या सांध्याचे कारण तसेच राहते. ग्रॅनाइट गंजत नाही, पण त्याला ठोकलेल्या लोखंडी बिजागऱ्या आणि दाराची खालची कड तेच पाणी पीत राहतात.

उरतो शेवटचा आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: ‘इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, आता कशाला खर्च?’ नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेत अशा इमारती मोजायला नकोत. सभा होतात, विकासक बदलतात, करार अडकतात आणि माणसे त्याच दारांतून वर्षानुवर्षे ये-जा करत राहतात. ज्या घरात म्हातारी आई रात्री चौकटीला धरून न्हाणीघरात जाते त्या घरात तिच्या हाताला गंजलेल्या पत्र्याची धार लागू नये, यासाठी विकासकाच्या सहीची वाट बघायची नसते. खर्च अर्ध्या लिटर रंगाचा, पाव लिटर प्रायमरचा आणि सुटीच्या दोन-तीन दिवसांचा आहे. उद्या पुनर्विकास झालाच, तर ते लोखंड भंगारात जाऊन वितळून पुन्हा वापरात येईल.